ॲप्रनच्या खिशात काय ठेवायचं

सोमवारी सकाळी हंसा भोईरने खोका सोडला आणि आतली सोळा पुस्तकं एकेक करून लांब टेबलावर मांडली. सगळी छोटी, तळहाताहून जेमतेम मोठी. वसई पूर्वेला महामार्गाच्या अंगाला असलेल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ती अटेंडंट होती. दुसऱ्या वर्षाची मुलं पंधरवड्याने पहिल्यांदाच वॉर्डात पेशंट बघायला जाणार होती. तिथं उभ्याउभ्या चाळता येतील अशी खिशातली पुस्तकं त्यांना ग्रंथालयाने द्यावीत, असं यंदा ठरलं होतं. प्रत्येकाला दोन. ॲप्रनला खाली मोठे खिसे दोनच असतात, म्हणून दोन. सोळांतली कोणती घ्यायची ते पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी प्राध्यापकांची बैठक ठरवणार होती.

"हंसाताई, यांना नंबर घाला आणि यादी करून ठेवा," ग्रंथपाल विनिता देसाई जाता जाता म्हणाल्या.

अर्ध्या तासाने त्या परत आल्या तर टेबलावर दोन ढीग. एकात पाच पुस्तकं, दुसऱ्यात अकरा.

"हे काय केलंत?"

हंसा ओशाळली. हात आपले चालले होते, तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. "काही नाही मॅडम. यातल्या बऱ्याच पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या आहेत ना आपल्याकडे. ही पाच मुलं नेतात आणि वापरतात. बाकीची नेतात आणि तशीच आणून देतात."

"तुम्हाला काय माहीत वापरतात का नाही ते?"

हंसा कपाटाकडे गेली आणि दोन जुनी पुस्तकं घेऊन आली. एक जाड, गुळगुळीत कव्हराचं, रंगीत चित्रांचं. दुसरं पातळ, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. दोन्ही मिटून तिने कडेने मॅडमच्या डोळ्यांसमोर धरली. जाड्याची कड पहिली वीस पानं सोडली तर पांढरीशुभ्र. पातळ्याच्या कडेवर चार ठिकाणी काळपट पट्टे उमटलेले.

"हा पट्टा छाती तपासायच्या पानांचा. हा पोटाचा. बोटं लागून लागून झालेत. हे जाडं दर वर्षी मुलं सगळ्यात आधी मागतात, आणि आठवड्यात परत करतात. पातळं तीनदा बांधून घेतलं आपण."

विनिता मॅडमनी दोन्ही पुस्तकं हातात घेऊन उलटीपालटी केली. बैठकीसाठी त्यांनी स्वतः तयार केलेल्या टिपणात ते जाडं पुस्तक पहिल्या नंबरवर होतं.

हंसाचं माहेर राजावलीचं. खाडीकाठी वडिलांची भातशेती होती, शेताच्या पलीकडे मिठागरं. बारावीला बरे गुण मिळाले तेव्हा तिला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म आणलाही होता. पण मुंबईला राहावं लागेल म्हटल्यावर घरातले तयार होईनात, आणि पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. नवरा बळीराम गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मशीन चालवायचा. माणूस सरळ. त्यानेच चौदा वर्षांपूर्वी कॉलेजातल्या नोकरीची जाहिरात दाखवली होती. "दवाखाना नाय तर दवाखान्याची पुस्तका," असं म्हणाला होता.

तेव्हापासून हंसा पुस्तकं लावायची, पुसायची, फाटली की बाजूला काढायची. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मुलांसमोर तिच्या तोंडून "पानी सांडला त्याव" निघालं, आणि दोघंतिघं हसली होती. त्या दिवसापासून कॉलेजच्या फाटकातून आत आली की ती जपून, पुस्तकी बोलायची. घरची बोली घरी.

दुपारी विनिता मॅडम तिच्यापाशी आल्या. "मी मेडिसिनच्या तुस्कानो सरांशी बोलले. तिसऱ्या वर्षाची मुलं आत्ता बायकांच्या वॉर्डात आहेत. उद्यापासून ही सोळा पुस्तकं ट्रॉलीवर घालून रोज सकाळी दोन तास तिथं घेऊन जा. कोण कोणतं उचलतंय, हवं ते सापडतंय का, लिहून ठेवा. बैठकीत नुसत्या कॅटलॉगवरून बोलण्यापेक्षा ते बरं."

"मी वॉर्डात जाऊ?"

"मग काय मी जाऊ? मला कडेचे पट्टे कुठं वाचता येतात?"

चौदा वर्षांत हंसा वॉर्डाच्या दारापर्यंत अनेकदा गेली होती. आत जायचं काम कधी पडलं नव्हतं. मंगळवारी तिने ट्रॉली आत ढकलली तेव्हा इन्चार्ज रोझमेरी सिस्टरने तिला खिडकीजवळची जागा दाखवली. "इथं उभ्या राहा, कुणाच्या मध्ये येऊ नका." हंसाने मान डोलावली. फिनेलचा वास येत होता, समोर तीस खाटांची रांग होती. आपण उगाच आलो, असं तिला पहिली दहा मिनिटं वाटत राहिलं.

मग मुलं येऊ लागली. ती बघत गेली तशी तिची वही भरू लागली.

पुस्तक हातात धरणाऱ्याचा दुसरा हात मोकळा नसतो, ही गोष्ट तिला ग्रंथालयात बसून कधी सुचली नव्हती. त्या हातात पेशंटचं मनगट तरी असतं नाहीतर केसपेपर. जे पुस्तक एका हाताने उघडं राहत नाही, ते मुलं खाटेवर ठेवायची आणि तिथंच विसरायची. आजारांच्या एका पुस्तकात माहिती चांगली होती, पण अक्षरं इतकी बारीक की खिडकीपाशी आल्याशिवाय वाचता येईनात. औषधांच्या मात्रांची तीन पुस्तकं होती. त्यातल्या एकात औषधं आजारांप्रमाणे लावलेली होती. मुलांना औषधाचं नाव माहीत असे, आजार अजून कळलेला नसे, त्यामुळे ती पानं उलटत बसायची. दुसऱ्यात नावं सरळ अकारविल्हे लावलेली. भिंतीवरच्या घड्याळात बघून हंसाने लिहिलं: पहिल्याला दोन मिनिटं, दुसऱ्याला वीस सेकंद. जाडं पुस्तक एका मुलीने खिशात घातलं आणि वाकल्याबरोबर खिशाची शिवण उसवली.

फोनवर सगळं मिळत असताना पुस्तकं कशाला, असा प्रश्न हंसालाही पडला होता. त्याचं उत्तर बुधवारी मिळालं. एका म्हातारीचा मुलगा सिस्टरकडे तक्रार घेऊन गेला, की आई कण्हतेय आणि हा डॉक्टर मोबाइल बघत बसलाय. तो बिचारा विद्यार्थी औषधाची मात्रा शोधत होता. पुस्तक काढलं तर नातेवाईक गप्प राहतात, उलट थोडे सरसावून बसतात. तेही तिने लिहून घेतलं.

मुलांमध्ये हर्षवर्धन नावाचा एक होता. विरारला फ्लॅटमध्ये राहणारा, वडील मंत्रालयात नोकरीला, शाळा सगळी इंग्रजी माध्यमाची. पुस्तकं नीट वापरणारा तोच. ते काळ्या पट्ट्यांचं पातळ पुस्तक त्याने पहिल्याच दिवशी उचललं आणि त्यातल्या यादीप्रमाणे एकेक प्रश्न पेशंटला विचारत जायचा. हंसाला त्याचं काम बघायला आवडायचं.

शुक्रवारी सकाळी चौदा नंबरच्या खाटेवर दिपिका नावाची विशी-बाविशीची मुलगी आली होती. पहाटे पोटात दुखायला लागलं म्हणून तिला आणलेलं. पित्ताचं असेल असं धरून दाखल करून घेतली होती आणि रक्त-लघवी अजून तपासायला जायची होती. खाटेच्या पायथ्याशी सासरे उभे, उशाशी सासू. हर्षवर्धन पुस्तक घेऊन प्रश्न विचारायला लागला. हंसाची ट्रॉली दोन हातांवर होती.

"कधीपासून दुखतंय?"

मुलीने सासऱ्यांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि पुटपुटली, "मना दिस गेल्यान."

"किती दिवस गेले?"

तिने नुसती मान हलवली. हर्षवर्धनने लिहिलं, बरेच दिवस. मग पुस्तकात बघितलं. पोटदुखीच्या पानावर चौकटीत ठळक अक्षरांत छापलेलं होतं, की तरुण स्त्री असेल तर ती गरोदर आहे का हे आधी विचारा. त्याने विचारलं. "ताई, प्रेग्नन्सी वगैरे आहे का?"

"सांगला ना तुमाना," ती आणखी हळू बोलली.

हर्षवर्धनला वाटलं, आधीच्या डॉक्टरांना सांगितलंय असं ती म्हणतेय. तो पुढच्या प्रश्नाकडे वळला.

हंसा दोन पावलं पुढं झाली. कुणाच्या मध्ये येऊ नका असं बजावलेलं तिला आठवत होतं. तरीही ती म्हणाली, "हर्षवर्धन, तिने सांगितलं. दिवस गेलेत म्हणजे ती पोटुशी आहे."

हंसा खाटेशी वाकली. कॉलेजच्या फाटकाच्या आत चौदा वर्षांत जी भाषा तिने काढली नव्हती, ती आता आपसूक तोंडात आली. "किती म्हैनं झालं गो बाय?"

मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. "दीड."

"आनखी खय दुखतंय? लाजू नको."

"खांद्यान पन दुखतंय. न् डोल्यांपुढं अंधारी येतेय."

हंसाने ते जसंच्या तसं साध्या मराठीत हर्षवर्धनला सांगितलं. खांद्याचं ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला. पोटात रक्तस्राव झाला की खांदाही दुखतो, पुस्तकातलं ते पान त्याला उघडावं लागलं नाही. तो जवळजवळ धावतच सिस्टरकडे गेला. रोझमेरी सिस्टर आल्या, त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि निवासी डॉक्टरांना फोन लावला. सोनोग्राफीचं मशीन खाटेपाशी आलं. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत वाढला होता, आणि पोटात रक्त साचायला लागलं होतं. अकराच्या आत मुलीला ऑपरेशनला नेलं.

हंसा ट्रॉली घेऊन परत आली. दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना. मुलीची काळजी होतीच, पण आपण डॉक्टरांच्या मध्ये तोंड घातलं याचीही धास्ती होती. लघवीच्या तपासणीत ते तासाभराने कळलंच असतं, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. दुपारी चार वाजता निरोप आला, की तुस्कानो सरांनी बोलावलंय.

डॉ. मार्सेल तुस्कानो साठीच्या घरातले, वसईच्याच एका ख्रिस्ती वाडीतले. ती दारात उभी राहिली तर त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. ती टोकावर बसली.

"सर, माझं चुकलं असेल तर…"

"मुलगी बरी आहे," ते म्हणाले. "मूल गेलं. पण ती बरी आहे. तासभर अजून गेला असता तर कठीण होतं. आता मला सांगा, तुमच्याकडे उलटी येईलसं वाटतं तेव्हा काय म्हणतात?"

हंसाला आधी प्रश्नच कळला नाही. "उमालतंय म्हणतात सर."

"आणि पाळी आल्यावर?"

तिने खाली बघून सांगितलं. सरांनी कागदावर लिहून घेतलं.

"आमच्याकडे याला वेगळाच शब्द आहे. माझी आई अजून तोच बोलते. मी मात्र इंग्रजीत शिकलो आणि इंग्रजीतच शिकवतो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या वर्षी एक बाई आली होती. अंगावरून पांढरं जातंय म्हणाली. पोरांनी तिला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला वाटलं अंगावर पांढरे डाग आहेत असं लिहिलंय, म्हणून मीही सही केली. दिवसभर ती चुकीच्या रांगेत बसली. तेव्हा मी हसलो होतो. आज काही हसू येत नाहीये."



"पुस्तकात प्रश्न बरोबर होता सर," हंसा म्हणाली. "मी वाचला. उत्तरही मिळालं होतं. पण उत्तराचं पुस्तक कुठंच नाही."

"मग करा की."

"मी?"

"मग मी करू? मला शंभर शब्द येतील. तुम्हाला पाचशे येतील."

घरी तिने बळीरामला सगळं सांगितलं. जेवण झाल्यावर त्याने कारखान्यातून आणलेलं जुनं रजिस्टर, एका बाजूने कोरं असलेलं, तिच्यापुढं ठेवलं. "लिव्ह," म्हणाला. "चमक भरली, पहिला."

बैठक ठरल्याप्रमाणे पुढच्या शुक्रवारी झाली. विनिता मॅडमनी हंसाला बरोबर नेलं आणि वहीतल्या नोंदी तिलाच वाचायला लावल्या. एका प्राध्यापकांना जाडं रंगीत पुस्तकच हवं होतं, चित्रं चांगली आहेत म्हणाले. हंसाने ते त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सर, उभं राहून, एका हातात केसपेपर धरून, काविळीचं पान काढून दाखवता का?" सरांनी प्रयत्न केला. पुस्तक मिटलं, केसपेपर जमिनीवर पडला. ते स्वतःच हसले. पण चित्रांच्या पुस्तकाची एक प्रत प्रत्येक वॉर्डात टेबलावर असावी, एवढं त्यांनी मान्य करून घेतलंच, आणि ते योग्यही होतं. खिशासाठी तपासणीचं पातळ पुस्तक आणि अकारविल्हे लावलेलं औषधांचं, अशी दोन नक्की झाली.

शब्दांच्या पुस्तकाला मात्र तीन महिने लागले. हंसाला वाटलं होतं आठवडाभराचं काम आहे. राजावलीच्या बायकांनी सांगितलेला एक शब्द शेजारच्या गावात भलत्याच अर्थाने वापरतात असं निघालं. एका पानावर तिने 'घेरी' आणि 'झटका' यांचा एकच अर्थ लावला होता. तुस्कानो सरांनी ते पान परत पाठवलं. या दोहोंत गल्लत झाली तर औषध चुकेल, पेशंटला अजून काय काय विचारायचं तेही लिहा, असं त्यांनी कडेला लिहिलं होतं. हंसाला दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी तिने वॉर्डात जाऊन रोझमेरी सिस्टरला विचारून ते पान नव्याने लिहिलं. ख्रिस्ती वाड्यांतले शब्द सरांच्या आईने सांगितले. नव्वदीची ती बाई फोनवर अर्धा अर्धा तास बोलायची, आणि दर चार शब्दांमागे एक गोष्ट सांगायची. हर्षवर्धनने सगळं टाइप केलं. त्याला मराठी टाइप करता येत नव्हतं, ते तो या कामासाठी शिकला. एकदा घरी त्याने वडिलांना विचारलं, दिवस जाणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं का. वडील म्हणाले, अर्थातच. "मग मला कधी सांगितलं नाहीत ते," असं त्याने म्हटल्यावर वडिलांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला. हे त्याने हंसाला सांगितलं तेव्हा दोघंही बराच वेळ हसत होती.

कॉलेजच्या छापखोलीत शब्दांच्या पुस्तिकेच्या दोनशे प्रती निघाल्या. चाळीस पानं, वरच्या खिशात मावतील एवढी. डाव्या बाजूला लोकांचा शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ आणि त्यावर विचारायचा पुढचा प्रश्न. नाव ठेवलं 'काय होतंय?' आतल्या पानावर 'संकलन: ग्रंथालय विभाग' असं छापून आलं होतं. विनिता मॅडमनी तो गठ्ठा तसाच परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्यावर हंसा बळीराम भोईर असं पूर्ण नाव होतं. हंसाने एक प्रत घरी नेली. बळीरामने ती कारखान्यात नेली आणि आठवडाभर परतच आणली नाही.

नव्या तुकडीतली एक मुलगी जयपूरची होती. तिला मराठीचा गंध नव्हता. ती पुस्तिकेतला प्रश्न अक्षरं लावत लावत वाचायची आणि पेशंट बायका तिचे उच्चार सुधारून द्यायच्या. उच्चार सुधारता सुधारता त्या आपलं दुखणं सविस्तर सांगून मोकळ्या व्हायच्या. ती मुलगी मुद्दाम चुकत नाही, तिला खरंच उच्चार जमत नाहीत, असं रोझमेरी सिस्टरने हंसाला सांगितलं.

हंसाने त्या वर्षी ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गाचा अर्ज भरला. वर्ग शनिवार-रविवारी, सत्तेचाळीस जणांत तीच वयाने सगळ्यात मोठी. पहिल्या चाचणीत ती कशीबशी पास झाली, दुसऱ्या चाचणीत वर्गात तिसरी आली.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा तुस्कानो सर म्हणाले, यात किनाऱ्यावरचे शब्द फारच थोडे आहेत. म्हणून वर्गाला सुट्टी असलेल्या एका रविवारी हंसा बसने अर्नाळ्याला गेली. किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत टाकलेले होते आणि पाचसहा बायका ते उलटत होत्या. हंसा जवळ गेली, आपण कोण, कुठल्या, ते सांगितलं. एकीने बसायला पाट दिला. हंसाने वही उघडली.

"डोका दुखाया लागला तं तुमी काय म्हनतांव?" तिने आपल्याच बोलीत विचारलं.

बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग एक बोलली. दुसरीने तिला खोडून काढलं, आमच्या आळीत तसं म्हणतच नाहीत म्हणाली. तिसरीने तिच्या सासूचा शब्द सांगितला, आणि पाहता पाहता सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. हंसा भराभर लिहीत होती. "सावकाश गो बायांनो," ती म्हणत होती, "एकेक सांगा."